गाडीचा गळा

"ही काही आता सरळ होत नाही, काका," चेपलेली जाळी दोन्ही हातांनी दाबून पाहत मिस्त्री म्हणाला. "नवीनच करू."

"काय?" काका ओरडले. जन्मभर इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान कामातून गेले होते.

"नवीन! जाळी! नवीन करू!"

"कर की. मला कशाला दटावतोस?"

दोघे जुन्या पिकअपच्या तोंडासमोर उभे होते. बाजारात रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रॉलीने सकाळी तिला समोरून धडक दिली होती. देवाची कृपा म्हणून रेडिएटर वाचला, दिवेही वाचले. मधली लोखंडी जाळी मात्र आत गेली होती, दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या ओठांसारखी.

ही जाळी मिस्त्रीच्या हातची पहिली. आता ती गोष्ट ऐका. तेव्हा तो कुणाचाच मिस्त्री नव्हता. भाड्याचं वेल्डिंग मशीन, पत्र्याची शेड आणि गिऱ्हाइकाच्या वाटेकडे लागलेले डोळे, एवढंच त्याचं भांडवल. एक दिवस ही पिकअप थांबली, काका उतरले आणि म्हणाले, "मिस्त्री आहेत का?" त्याने चक्क मागे वळून पाहिलं, मिस्त्री कोण आलाय म्हणून! काका हसले नाहीत. "तुम्हालाच विचारतोय," म्हणाले. त्या दिवसापासून तो मिस्त्री झाला.

काकांनी करायला सांगितलेली जाळी मात्र बिघडली. मधली पट्टी ओढली जाऊन धनुष्यासारखी वाकली आणि पुलाजवळच्या उतारावर गाडीने वेग घेतला की त्या फटीतून वारा शिट्टी वाजवू लागला. तो हात जोडून गेला, "बदलून देतो." काकांना तेव्हा नीट ऐकू येत असे. ते म्हणाले, "असू दे रे, झकास वाजते." गाडीला लोक 'शिट्टी' म्हणू लागले, काकांची टिंगल झाली. पण ही जाळी कुणी केली असं कुणी विचारलं, की काका छाती पुढे काढून मिस्त्रीचं दुकान दाखवत. गिऱ्हाइकं येत गेली, संसार उभा राहिला. रोज संध्याकाळी शिट्टी उतारावरून दुकानापुढून जाई आणि मिस्त्री मान खाली घाली.

तर अशा माणसाची जाळी पुन्हा करायची संधी देवाने हातात आणून दिली होती. मिस्त्रीने जीव ओतला. एका बाजूने ताप दिला की लोखंड ओढलं जातं, हे आता त्याला ठाऊक होतं. म्हणून आधी या टोकाला वेल्डचा एक टाका, मग त्या टोकाला, मध्ये लोखंड निवू द्यायचं. प्रत्येक पट्टीला गुण्या लावून काटकोन तपासला. घासून, रंगवून जाळी बसवली आणि म्हणाला, "ही माझ्याकडून."

त्या संध्याकाळी पिकअप उतारावरून गेली ती गुपचूप. मिस्त्रीने समाधानाने वर आभाळाकडे पाहून हात जोडले.

आठवडा उलटला नसेल, तोच पिकअप दुकानापाशी थांबली. काकांनी पलीकडचं दार उघडून काकूंना हाताला धरून उतरवलं. काकूंच्या डोळ्यांपुढे हल्ली नुसता धुरकट उजेड असे.

"मिस्त्री, स्टूल आण. भांडायला आलेय मी, आणि उभ्यानं भांडणं आता जमत नाही."

"चहा सांगू, काकू?"

"आधी भांडण." काकू बसल्या. "गाडीचा गळा काढून घेतलास तू."

"गळा?"

"उतारावर शिट्टी वाजली की मी उठायची. भिंत धरून फाटकापर्यंत जायला मला तेवढाच वेळ लागतो. मी कडी काढायची आणि गाडी आत यायची. चूल सुनेनं घेतली, पाणी तीच भरते, कपड्यांना हात लावू देत नाही. चांगलीय हो पोर. पण फाटक माझं होतं. परवा हे आले, फाटक यांनीच उघडलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, बसून राहा, मी आलोय. बसून राहा!"

"आवाजावरून कळत नाही? गाडीच्या?"

"इंजिनं सगळी सारखीच खोकतात."

"मग काकांना हॉर्न मारायला—"

"हॉर्न मारून नोकराला बोलावतात," काकू म्हणाल्या.

काका लांबूनच ओरडले, "मी हिला भांडायला नकोच म्हणत होतो! पोरानं एवढ्या प्रेमानं केलीय!"

मिस्त्रीने जाळी उतरवली. मधली पट्टी हातोड्याने वाकवली, जाळी बसवली आणि काकांना पुलापर्यंत पिटाळलं. काकू स्टुलावर कान देऊन बसल्या. गाडी आली.

"मुकीच आहे."

त्याने फट आणखी बारीक केली.

"ही तर सायकलची हवा गेल्यासारखी."

मिस्त्री वैतागला. भंगाराच्या ढिगातून त्याने जुनी जाळी ओढून काढली आणि खाली बसून तिच्या मधल्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिला. हा बाक हातोड्याचा नव्हता. टाके न मारता, दम न खाता, भीतीने घाईघाईत या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी सरळ वेल्ड ओढला होता. तापलेली पट्टी बिचारी हळूहळू वळत गेली होती, थोडी पीळ खाऊन. तो अडाणी हात आता त्याच्याकडे उरला नव्हता. सवयच मोडली होती.

तरी त्याने नवी पट्टी घेतली, गुण्या बाजूला ठेवला, चेहऱ्यावर वेल्डिंगच्या मुखवट्याची झडप ओढली. टाका मारायला शिवशिवणारा हात आवरून त्याने एका दमात वेल्ड ओढला. लोखंड कुरकुरलं. झडप वर करून पाहतो, तर तोच ओबडधोबड बाक! त्याला हसूच फुटलं, कितीतरी दिवसांनी जुना सोबती भेटावा तसं.

काका पुन्हा पुलाकडे गेले. मिस्त्री रस्त्याकडे पाहत उभा राहिला. त्याला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं, तेवढ्यात काकू स्टुलावरून उठल्या. एक हात शेडच्या पत्र्यावर, दुसरा पुढे. बोटं हवेतच कडी शोधत होती.

"आले," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यालाही ऐकू आली, बारीक, लांबलचक, उतार उतरत येणारी.

काका गाडी थांबवून उतरले. "वाजली का रे?"

"म्हणजे?" मिस्त्री त्यांच्या कानाशी गेला. "तुम्हाला ऐकू नाही आली?"

"मला कुठली? कित्येक वर्षं झाली."

"मग रोज वाजते हे तुम्हाला कसं कळायचं?"

काका काकूंसाठी दार उघडत होते. "फाटक उघडं दिसायचं ना," ते म्हणाले.

चहा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री एका गेटचं काम करत होता. पिकअप पुलावरून यायची वेळ झाली तसं त्याने ग्राइंडर बंद केला आणि मान वर करून उभा राहिला. शिट्टी उतारावरून आली, दुकानापुढून गेली, वळणाआड विरली. त्यानंतरही तो थोडा थांबला, फाटकापर्यंत भिंत धरत जायला लागतो तेवढा वेळ. मग त्याने बटण दाबलं.