लाल दिवा लागलेला असताना

ज्या कुटुंबात देवावर विश्वास असणारे थोडे आणि कॅमेऱ्यावर विश्वास असणारा एकच, त्या कुटुंबाचा इतिहास त्या एकाच्याच स्वाधीन होतो. दंतवैद्य बाईंच्या माहेरी हा अधिकार बाबांकडे होता.

बाबा रेल्वेत सिग्नलमन होते. ऐन चाळिशीत त्यांनी फितीचा व्हिडिओ कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून लग्न, वाढदिवस, शाळेचे स्नेहसंमेलन, फार काय, नव्या फ्रिजचे गृहागमनदेखील त्यांच्या संमतीवाचून पार पडेनासे झाले. जे चित्रित झाले नाही ते घडलेच नाही, हा त्यांचा सिद्धान्त. आणि जे चित्रित झाले ते पाहू नये, हा उपसिद्धान्त. फीत पाहिली की झिजते. पेरणीसाठी राखलेले बियाणे आजच दळून खाणार काय, असे ते विचारीत. त्यामुळे बुटांच्या खोक्यांत रचलेल्या त्या फिती कोणीही, स्वतः बाबांनीही, कधी पाहिल्या नव्हत्या.

आईचे मात्र कॅमेऱ्याशी हाडवैर होते. तो रोखला गेला की हाती येईल त्याने ती तोंड झाकी: ताट, वर्तमानपत्र, एकदा तर शेजाऱ्यांचे तान्हे मूल. ती गेल्यावर मागे उरला तो ओळखपत्रावरचा एकुलता एक फोटो, आणि त्यात ती नुकतीच जामिनावर सुटल्यासारखी दिसे. चेहऱ्याचे एक वेळ चालले असते. पण अलीकडे दंतवैद्य लेकीला आईचा आवाज आठवेनासा झाला होता. बोलणी आठवत; ती ज्या आवाजात बोलली गेली तो कुठे गेला कोण जाणे. म्हणून बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे निमित्त करून तिने खोकी माळ्यावरून उतरवली. एवढ्या फितींत कुठेतरी, ताटाआडून का होईना, आई काहीतरी बोलली असेल, एवढीच तिची आशा.

आत्याची आज्ञा निराळी होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. घराण्यात तिला सरसेनापती म्हणत, अर्थात ती जिना उतरून गेल्यावर.

“माझ्या लेकाचं लग्न दिसलं पाहिजे हं,” तिने फोनवर बजावले. “आणि वहिनी दिसू दे. गरीब गाय होती बिचारी. उलटून एक शब्द बोलली नाही मला कधी.”

बाईंनी जुन्या कॅमेऱ्यातला, फीत फिरवणारा सैल झालेला पट्टा बदलून घेतला. फीत वाचणारे आतले फिरते डोके, रुग्णाच्या अक्कलदाढेमागची फट साफ करावी तशा निगुतीने, स्पिरिटने पुसले. मग वायर संगणकाला जोडली आणि माहेरच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडले. हे काम उतावळ्याचे नव्हे. तासाभराची फीत संगणकात उतरायला तासभरच घेते. तिला ना विनवणी कळते, ना दटावणी.

पहिल्या फितीवर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: थोरल्याचे लग्न. फीत सुरू झाली आणि पडद्यावर एक बूट आला. मग दुसरा आला. मग दोघे मिळून एका फरशीवरून चालू लागले आणि बराच वेळ चालतच राहिले.

“आला का अंगठी घालायचा प्रसंग?” बाबांनी आतल्या खोलीतून विचारले.

“येतोय, बाबा,” लेक म्हणाली. बूट तेव्हा जिना उतरत होते.

दुसऱ्या फितीत बाबांच्या कोटाचे अस्तर होते, आणि ते खरोखर उत्तम प्रतीचे होते. तिसऱ्या फितीत आत्याच्या लेकाचे लग्न असायला हवे होते. तिथे एका खुर्चीचा पाय होता. लेकीने कपाळाला हात लावला. ऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचे तरी कसे, की आपण घराण्याचा इतिहास म्हणून जे जपलेत ते चपलांच्या दुकानाचे सूचिपत्र आहे?

फीत बाहेर काढायला तिने हात पुढे केला, तोच खुर्चीच्या पायामागून आवाज आला.

“केलंत का बंद ते डबडं?”

“केलं गं. हा बघ, लाल दिवा लागलाय.”

“मग ऐका आता. तुमच्या ताई!”

लेकीचा हात तसाच राहिला. आपल्या मनाने आईला मंजुळ आवाज बहाल केला होता, हे तिला त्या क्षणी उमगले. खरा आवाज घोगरा, खरबरीत, नाकातून थोडा जास्तच येणारा होता. शिळी पोळी तोडावी तसा प्रत्येक शब्द तुटून पडत होता. त्याच्याइतके सुंदर तिने आजवर काही ऐकले नव्हते.

“दोन गाड्या बदलून येतात, आणि येऊन सांगतात काय, तर मीठ कमी! स्वतःच्या लेकाच्या लग्नातसुद्धा माझ्या घरच्या मिठाचं गाऱ्हाणं! बाईची जीभ आहे की खारफुटीचं रान?”

“हळू, हळू. ऐकेल ती.”

“ऐकू दे. आणि इकडे आणा तो. बोटं बघा किती उमटवलीत! या काचेतून माणसं दिसतात की भुतं?”

पडद्यावरचे चित्र गर्रकन फिरले, आणि त्यात आईचा चेहरा मावेनासा झाला. तिने काचेवर हाऽऽ केले, धुके पडले, फडक्याने पुसले, आणि त्यातून दोन भव्य नाकपुड्या, एक दटावणारा डोळा आणि दात प्रकट झाले. वरचा डावा सुळा किंचित पुढे आलेला. बाईंनी आपल्या सुळ्यावर जीभ फिरवली. मग त्यांनी फीत मागे घेऊन पुन्हा लावली. झिजली तर झिजली.

एव्हाना दादा आला होता. थोरला भाऊ, स्वभावाने सावध. त्याने सारे उभ्याउभ्याच ऐकले आणि मग बसला.

“हे आत्यापुढे दाखवायचं? वेड लागलंय का तुला? आवाज काढून टाक. मागे बासरी लावू.”

“जिन्याला बासरी? आवाजासाठीच तर मी बसलेय इथे. खुर्चीचा पाय माझ्या घरीही आहे.”

“अगं, आत्याला धक्का बसला तर?”

“आत्याला? आधी भिंत पडेल.”

“आणि बाबांचं काय? त्यांना सांगणार कोण?”

सांगावे लागले नाही. बाबा दारात उभे होते. आवाज ऐकून आले होते. पायांत चप्पलही नव्हती.

“बाबा,” लेक सांभाळून म्हणाली, “तुम्हाला वाटायचं दिवा लागला की कॅमेरा थांबला.”

“लाल म्हणजे थांब.”

“रुळावर. कॅमेऱ्यात लाल म्हणजे चालू.”

“हे कुठल्या गाढवानं ठरवलं?” बाबा कडाडले. “लाल असताना गाडी सोडली असती तर मी तुरुंगात असतो!” मग त्यांचा आवाज उतरला. “म्हणजे दिवा नसताना मी जे जे…”

“ते काहीच नाही आलं. तुम्ही बंद केल्यावरचं आलंय. यंत्र निवू द्यावं म्हणून लगेच मुख्य बटण फिरवत नव्हता ना, तेवढ्यातलं.”

“तरीच फिती फार लवकर संपायच्या,” बाबा म्हणाले, आणि पडद्यासमोर बसले. आई काच पुसत होती. तिच्याकडे पाहत ते म्हणाले, “मला वाटायचं हिला कॅमेरा आवडत नाही. रोज येऊन पुसून जायची की.”

दादाने हळूच विचारले, “मग आवाज काढायचा ना, बाबा?”

“एक अक्षर काढशील तर याद राख. जसंच्या तसं लाव.”

वाढदिवसाच्या दिवशी सरसेनापती मधल्या खुर्चीत, नातवाला हवी असलेली उशी पाठीशी घेऊन, विराजमान झाली. पडद्यावर खुर्चीचा पाय आला. आत्या कौतुकाने म्हणाली, “आमच्या हॉलची खुर्ची!” आणि लगेच आईचा आवाज घुमला. गाड्या आल्या, मीठ आले, खारफुटीचे रानही आले. दादाने पडदा बंद करायच्या बटणाकडे पाहिले.

आत्या पुढे झुकली.

“मीठ कमीच होतं, वहिनी,” ती पडद्याला म्हणाली. “आजही सांगते.”

“आणि वर म्हणतात कशा,” पडद्यावरून आई म्हणाली, “मी आपली खरं तेच बोलते!”

“बोलतेच मुळी!” आत्या ओरडली, आणि हसता हसता तिला असा ठसका लागला की दोघांनी पाठ चोळली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. या घरात ती मेल्यावरही गेली नव्हती. “गरीब गाय म्हणत होते मी हिला! पुढची लाव गं. अजून काय काय म्हणालीय ते कळू दे. माझीही उत्तरं राहिलीत.”

शेवटच्या फितीनंतर दंतवैद्य बाईंनी एक कोरी फीत कॅमेऱ्यात सरकवली, बटण दाबले आणि कॅमेरा बाबांसमोर टेबलावर ठेवला. बाबांनी वाकून मागे पाहिले. बारीकसा लाल दिवा लागला होता.

“बंद आहे ना?” त्यांनी लेकीला विचारले.

“बंद आहे, बाबा. लाल लागलाय.”

“मग ठीक,” असे म्हणून बाबांनी खिशातून रुमाल काढला, काचेवर हाऽऽ केले, ती नीट पुसली, आणि खुर्ची सरसावून ते म्हणाले, “आता ताईबद्दल माझं मत ऐका.”