डाव्या अंगाचा बैल

माझ्या थोरल्या भावाला कुठं नेलं? भाद्रपदातल्या त्या दुपारपासून मी हे विचारतोय. मी हंबरलो की माणसं पुढ्यात वैरण टाकतात. बैल दुसरं काय विचारणार, असं त्यांना वाटतं.

मी हौश्या बोलतोय. गगनबावड्याच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर हंबीररावांची भातखाचरं आहेत, तिथला बैल. दारात टेम्पो उभा आहे. चढायला फळी आणायला माणूस गेलाय, तेवढ्यात बोलून घेतो.

मी आणि गुलब्या एकाच गाईचे. तो दोन वेतं आधीचा. मला जोताला शिकवलं ते त्यानंच. तो उजवीकडं, मी डावीकडं. हंबीरराव ‘वळ’ म्हणायचे, गुलब्या वळायचा, आणि जू ओढलं जाईल तसा मी वळायचो. माझं शिक्षण एवढंच. त्याला शब्द कळायचे, मला तो कळायचा.

बेंदराच्या सणाला वेशीत पिंपळपानांची दोरी बांधतात आणि बैलांना ती तोडायला सोडतात. मी हलगी ऐकूनच उधळायचो, भलतीकडंच शिरायचो. गुलब्या मागून सावकाश यायचा आणि दोरी तोडायचा. हंबीररावांच्या घरच्या बायडाबाई म्हणायच्या, “धाकटा नुसता कालवा करतोय. काम थोरल्याचं.” गव्हाणीत मी माझी वैरण संपवून त्याच्या वाट्यात तोंड घालायचो. तो बाजूला सरायचा.

त्या पावसाळ्यात त्याच्या अंगावर गाठी उठल्या. डॉक्टरांनी सुया टोचल्या. रोग लागेल म्हणून मला घरामागं फणसाखाली बांधलं. भिंतीपलीकडून त्याचा श्वास ऐकू यायचा, चिखलात जू ओढताना यायचा तसा. एका दुपारी श्वास थांबला. मग खाली शेताकडं माती उकरायचं मशीन घरघरलं, मिठाची पोती गेली. मला गोठ्यात परत आणलं तेव्हा त्याची जागा चुन्यानं पांढरी केली होती. मी हुंगत राहिलो. चुन्याशिवाय कसलाच वास नव्हता.

भात कापलं. थंडी आली, गेली. रानात करवंदं पिकली, भाताच्या रोपांसाठी तरवे भाजल्याचा धूर उतारावर पसरला. मी हंबरत होतो आणि वैरण येत होती.

पाऊस धरला तसा शेजारचा बाळासो आपला चित्र्या घेऊन आला आणि गुलब्याच्या अंगाला त्याला जुंपलं. मी लाथ झाडली, जू मोडलं. दुसऱ्या खेपेला चिखलात फतकल मारून बसलो.

“दादा, ह्यो बैल हाय की जावई?” बाळासो म्हणाला. “रुसवा काढल्याबिगार उठंना झालाय.”

“एकट्या बैलाचं करू तरी काय?” हंबीरराव म्हणाले. “हातकणंगल्याकडचा माणूस मागतोय. जोडी जमली तर ठेवतो, न्हाईतर देऊन टाकतो.”

जोडी जमली नाही. हंबीररावांनी त्या माणसाला शब्द दिला. वरच्या खाचरांत भाड्याचा टिलर फिरला. सगळ्यात खालच्या खाचरात मात्र त्याला उतरायला वाट नव्हती, ते बैलांनीच करायचं राहिलं.

काल बायडाबाईंनी गुलब्याची घुंगुरमाळ काढली आणि चित्र्याच्या गळ्यात बांधली.

“अवो, जुंपा. फसंल त्यो,” त्या म्हणाल्या.

मी फसलो नाही. घुंगरं गुलब्याची होती, चाल परक्याची. पण बायडाबाई लुगडं खोचून चित्र्याच्या पलीकडं उतरल्या आणि गुडघाभर चिखलात आमच्याबरोबर चालू लागल्या. त्यांचा पाय रुतायचा, त्या जुवाला धरून पाय उपसायच्या. मी बसलो असतो तर त्यांचा तोल गेला असता. म्हणून चाललो.

खाचराच्या कोपऱ्यात जमीन जरा वर आलेली आहे. तिथं हंबीररावांनी नांगर उचलला आणि अलीकडूनच वळवला. मी थांबलो. चुन्याचा, मिठाचा आणि त्याखाली आणखी कसला तरी वास आला. मी हंबरलो. इतका की चित्र्या जू घेऊन मागं सरला.

“भूक लागली जणू,” हंबीरराव म्हणाले.

जू उतरवलं. बायडाबाईंनी बांधावरची पेंडी सोडली. अर्धी माझ्या पुढ्यात टाकली, अर्धी त्या उंचवट्यावर ठेवली.

मी माझी खाल्ली. त्याच्या वाट्याला तोंड लावलं नाही.

नव्या मालकाला कुणीतरी एवढं सांगा. मला डाव्या अंगाला जुंपा. आणि मी हंबरलो तर एकदा माझ्याकडं बघा, वैरण मग टाका.

काल शेवटचा एक फेरा राहिला होता. हंबीरराव बांधावर टेकले होते. “ऱ्हाऊ दे आता,” ते बायडाबाईंना म्हणाले, “उद्या त्यो जायाचाच हाय.” जू चिखलात पडलं होतं. मी जाऊन जुवाच्या डाव्या अंगाला उभा राहिलो. ते उठले, चित्र्याला आणलं, जू चढवलं. टोकाला पोचल्यावर ते हळूच म्हणाले, “वळ.”

चित्र्याच्या आधी मी वळलो.