दहापर्यंत

"चार," टेलरकाकू म्हणाल्या आणि बावीस टाचा एकदम जमिनीला टेकल्या.

बाईंच्या दोन टाचा त्यांत नव्हत्या. मागच्या ओळीत खुर्चीची पाठ घट्ट धरून बाई नुसत्याच उभ्या होत्या. त्यांची नजर खिडकीजवळच्या चिरलेल्या फरशीवर होती. वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या या हॉलमध्ये, दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी, त्याच फरशीवर उभं राहून बाईंनी दोन वर्षं या वयस्कर मंडळींचा व्यायाम मोजला होता. आता तिथे टेलरकाकूंचे कॅनव्हासचे बूट होते.

"पाच."

एकही ठोका मागेपुढे नाही. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या पायांचं ते मोजणं होतं. बाईंना ते कोरडं वाटत होतं. सगळ्यांना आवडतं आहे, हेही दिसत होतं.

बाईंची पद्धत वेगळी. छत्तीस वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला होता. शेवटच्या बाकावरचं मूल पोचल्याशिवाय पुढच्या ओळीला हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. इथेही त्यांनी तोच चालवला. ड्रायव्हरभाऊंचा दुखरा गुडघा वर येईपर्यंत बाई सहावरच थांबायच्या. "सहा... सहा... हं, आलं बघा. सात!"

"बाईंच्या दहात तेरा असतात," ड्रायव्हरभाऊ म्हणायचे. "तीन ग्रेसचे." सगळे हसायचे. बाईही हसायच्या.

मागच्या आठवड्यात ताईने त्यांना बाजूला घेतलं. व्यायाम शिकवणारी ही मुलगी वयाने बाईंच्या नातीएवढी, पण सगळे तिला ताईच म्हणत.

"बाई, आता थोडे दिवस काकूंना मोजू देऊ या का?"

"का? माझं काही चुकलं?"

"चुकलं काही नाही हो. तुम्ही पण रांगेत या ना, सगळ्यांबरोबर."

"रांगेत," बाई म्हणाल्या. पर्स उचलली आणि त्या दिवशी चहाला थांबल्या नाहीत.

आज थांबल्या. थांबलं नसतं तर बरं झालं असतं. टेलरकाकूंनी येताना दोन मोठ्या पिशव्या आणल्या होत्या. चहाचे कप हातात आल्यावर त्यांनी त्या सोडल्या. आत बारा उशा होत्या, लोखंडी खुर्च्यांच्या बैठकीवर बेतून शिवलेल्या, चारही कोपऱ्यांना बांधायला नाड्या.

"अहो काकू, हे कधी केलंत!"

"खुर्च्या गार लागतात ना सकाळी. घरी चिंध्या पडून होत्या, म्हटलं लावाव्या सत्कारणी."

"माप कधी घेतलंत पण? टेप तर कधी दिसली नाही."

"डोळ्यांनी," टेलरकाकू म्हणाल्या. "सवय आहे. माणूस दारातून आत आला की अंगाचं माप आपोआप कळतं. नवरा म्हणायचा, तुझ्यासमोर उभं राहायची भीती वाटते."

हशा झाला. बाई कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. दोन वर्षांत आपण या लोकांना काय दिलं? आकडे. आकडे कुणी घरी नेत नाही, नाडीने बांधून ठेवत नाही.

मग त्यांच्या हातात त्यांची उशी आली. त्यांनी ती दाबली. शेजारच्या खुर्चीवरची दाबली. पुन्हा आपली दाबली. त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा तरतरी आली.

"काकू," त्यांनी वर्गातला आवाज काढला. "बाकी सगळ्या दोन बोटं जाडीच्या. माझीच कशी वीतभर? डोळ्यांचं माप चुकलं वाटतं तुमचं!"

टेलरकाकूंनी बाईंकडे पाहिलं. ताईकडे मात्र त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही.

"चुकलं असेल, बाई," त्या म्हणाल्या. "कापूस उरला होता."

"मोजणाऱ्या माणसाने जपून असावं," बाई म्हणाल्या आणि उशी खुर्चीखाली सारली.

त्या घरी आल्या त्या जिंकल्यासारख्या. सोफ्यावर बसून त्यांनी सुनेला सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"म्हणजे उशी दिली म्हणून तुम्हाला राग आला?" सून म्हणाली.

"उशीचं नाही गं. माझ्या जागेवर उभी राहते ती."

"मग तुम्ही दुसऱ्या जागेवर उभ्या राहा."

"तुला नाही कळायचं."

सून हसली आणि जेवायला हाक मारली. बाईंनी सोफ्याच्या हातावर दोन्ही तळवे टेकले, पुढे झुकल्या, थांबल्या, पुन्हा झुकल्या. सोफ्याच्या त्या हातांचं पॉलिश दोन्हीकडे तळव्याच्या आकाराएवढं उडालं होतं.

"हात देऊ, आई?"

"मी काय म्हातारी झालेय?"

शुक्रवारी हॉलमध्ये शिरताच बाईंना ताईच्या हातात वही दिसली आणि त्यांच्या मनाने उभारी धरली. सहामाही चाचणी! छातीवर हात बांधायचे, खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. अर्ध्या मिनिटात किती वेळा, ते वहीत. मागच्या चारही चाचण्यांना बाईंनीच मोजलं होतं. चाचणीचं काम ताई नवख्या माणसावर कशी टाकेल? बाई चिरलेल्या फरशीकडे निघाल्या.

"बाई, तुम्ही बसा," ताई म्हणाली. "काकू मोजतील."

बाई गेल्या तशा मागे फिरल्या.

एकेकाची चाचणी झाली. टेलरकाकू मोजत होत्या, ताई लिहीत होती. ड्रायव्हरभाऊंचे नऊ झाले. गेल्या वेळी सहा होते, म्हणून टाळ्या पडल्या. त्यातले तीन ग्रेसचे नव्हते, हे बाईंनी मनातल्या मनात पडताळून पाहिलं. खरंच नऊ होते. सगळ्यांच्या शेवटी टेलरकाकूंनी मोजायचं काम ताईकडे दिलं आणि स्वतः तेरा वेळा उठून दाखवलं. फार दमल्याही नाहीत.

"आता बाई राहिल्या," ताई म्हणाली.

"माझं काय त्यात? लिहून टाक काहीतरी."

"काहीतरी कसं लिहू? हे बघा." ताईने वही त्यांच्यापुढे धरली. अकरा नावांसमोर आकडे होते. बाईंच्या नावासमोर चार रकाने कोरे. "तुम्ही दर वेळी मोजत होतात. तुम्हाला कुणी मोजलंच नाही."

बाई त्या कोऱ्या रकान्यांकडे बघत राहिल्या. त्यांच्या हजेरीपटात छत्तीस वर्षांत एकही चौकोन रिकामा राहिला नव्हता.

त्या खुर्चीवर बसल्या. छातीवर हात बांधले.

"तयार?" ताईने घड्याळाचं बटण दाबलं.

बाई पुढे झुकल्या. काही झालं नाही. जोर कुठे लावायचा ते पायांना ठाऊकच नसावं, तसे ते जमिनीवर नुसते टेकून राहिले. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा झुकल्या. बांधलेले हात आपोआप सुटले आणि बाजूला सोफ्याचे हात शोधू लागले. या खुर्चीला हात नव्हते. बाईंनी ते पुन्हा छातीशी ओढून घेतले. त्यांचे कान तापले.

अकरा माणसं बघत होती. टेलरकाकू चिरलेल्या फरशीवर उभ्या होत्या. त्यांनी अजून एकही आकडा उच्चारला नव्हता. शून्यसुद्धा म्हटलं नव्हतं.

"सावकाश, बाई," ड्रायव्हरभाऊ मागून म्हणाले. "शेवटचा पॅसेंजर चढल्याशिवाय मी कधी गाडी सोडली नाही."

बाईंना हसू आलं नाही. दोन वर्षं आपण येऊन थेट त्या फरशीवर उभ्या राहत होतो आणि उभ्या उभ्याच चहा पीत होतो, हे त्यांना आत्ता दिसत होतं. बसायची वेळच येऊ दिली नव्हती. आणि हे आणखी कुणाला तरी आधीच दिसलं होतं. दारातून आत आलेला माणूस जिला डोळ्यांनी मोजता येत होता, तिला.

"ताई, घड्याळ थांबव," त्या म्हणाल्या.

"आज नको का, बाई? पुढच्या वेळी करू या."

"थांबव म्हटलं ना."

त्या बाजूला वाकल्या. खुर्चीखालून उशी ओढून काढली. तिला मंगळवारची धूळ लागली होती; ती त्यांनी हाताने झटकली. मग शेजारच्या खुर्चीचा आधार घेत उठल्या, उशी बैठकीवर ठेवली, चारही नाड्या एकेक करून बांधल्या. घाई केली नाही. टेलरकाकू तेवढा वेळ चष्मा पुसत होत्या. चष्मा आधीच स्वच्छ होता.

बाई बसल्या. जमीन थोडी खाली गेल्यासारखी वाटली. त्यांनी हात बांधले.

"चालू कर."

त्या पुढे झुकल्या. मांड्या थरथरल्या, गुडघ्यात कट्कन आवाज झाला, आणि बाई खुर्चीवरून वीतभर वर उचलल्या गेल्या. तिथेच अडकल्या. ना धड उभ्या, ना बसलेल्या. घड्याळ चाललं होतं. पण ज्यांचा ठोका कधी चुकत नाही, त्या टेलरकाकू तोंड उघडून आकड्यावर थांबल्या होत्या.

बाईंचे गुडघे सरळ झाले.

"एक," टेलरकाकू हळूच म्हणाल्या.

बाईंनी धाप आवरली. टेलरकाकूंच्या चेहऱ्यावर दया शोधली, आणि ती सापडली असती तर त्या तिथूनच घरी गेल्या असत्या. पण टेलरकाकू नुसत्या त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होत्या, पुढचा आकडा तयार ठेवून.

"काकू, जरा मोठ्याने मोजा," बाई म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा उठण्यासाठी खाली बसल्या. "मागच्या ओळीत ऐकू येत नाही."