दोन डझन गाढवं

"दोन डझन गाढवं दे, ऑगी."

वेल्मानं हे इतकं हळू सांगितलं, जणू बेकरीत नाही, दवाखान्यात आली आहे.

"परवाच नेलीस की दोन डझन," ऑगी म्हणाला.

"नातवंडं आलीत."

"तुला नातवंडं कधी झाली, वेल्मे?"

"शेजारणीची. तू बिस्किटं बांध, नातवंडं मोजू नकोस."

दर चार वर्षांनी, राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की ऑगीच्या बेकरीत दोनच बिस्किटांना मागणी असायची. निळ्या साखरेचं गाढव आणि लाल साखरेचा हत्ती, दोन पक्षांची दोन जनावरं. ज्याची विक्री जास्त, त्याचा आकडा खिडकीतल्या फळ्यावर वर. ऑगीच्या आजोबांपासून हा फळा कधी चुकला नाही म्हणे. एका वर्षी एवढं बर्फ पडलं की दिवसभरात एकच गिऱ्हाईक आलं, तेही कुंपणावरून घसरत. आणि त्यानं नेलेलं बिस्किटही खरं ठरलं. गाव पेनसिल्व्हेनियातलं, आणि ते राज्य कुठे कलतंय याच्याकडे सगळ्या देशाचा डोळा, त्यामुळे टीव्हीवालेसुद्धा ऑगीच्या दारात गाडी लावून बसायचे.

वेल्मा ह्रुस्कानं आयुष्यभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर लाँड्रीशेजारच्या गाळ्यात गाढववाल्यांचं कार्यालय सांभाळू लागली. कॉफी करायची, खुर्च्या मांडायच्या, दारोदार मतं मागायला बायका पाठवायच्या. पण यंदा फळ्यावर हत्ती पुढे गेला, आणि बायका यायच्या बंद झाल्या. हरणाऱ्या घोड्यामागं कोण धावतं? मग वेल्मानं दोन डझन गाढवं विकत घेतली. दुसऱ्या दिवशी चार बायका परत आल्या. तिनं आणखी घेतली. आणखी आल्या.

तिला स्वतःला मधुमेह. बिस्किटं जायची भावाच्या, लेनीच्या डुकरांना. त्या पानगळीत ती डुकरं अशी फुगली की एकीला बाहेर काढायला गोठ्याची चौकट उखडावी लागली. खोटं वाटत असेल तर चौकट अजून तिथे पडली आहे.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी पक्षाच्या हॅरिसबर्गच्या मुख्य कार्यालयातून मरिसा आली. तिच्यामागे रस्त्यावर दोन मोठ्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. मंगळवारी डोंगरावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना मतदानाला आणायला ठेवलेल्या त्या गाड्या.

"आनंदाची बातमी आहे," मरिसा म्हणाली. "फोनवरच्या पाहणीत तुमच्याकडे अगदी बरोबरी निघत होती. पण साहेबांनी टीव्हीवर तुमचा फळा पाहिला. म्हणाले, हा जिल्हा आपलाच. तेव्हा दोन्ही गाड्या स्क्रँटनकडे पाठवतोय, तिथे जास्त गरज आहे."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात ओपलनं. तिनं विणकाम मांडीवरून खाली ठेवलं होतं.

वेल्माच्या हातातली कॉफीची किटली जड झाली. बोललं तर या बायका उठून जातील, आणि ऑगीच्या आजोबांचं नाव धुळीला मिळेल. गप्प बसलं तर डोंगरावरून कुणी खाली येणार नाही. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. पहिली गाडी हलली.

"पोरी, त्यांना थांबव," वेल्मा म्हणाली. "फळा खोटा आहे."

मरिसा हसली. "शेवटच्या आठवड्यात सगळेच घाबरतात, वेल्माबाई."

"मी घाबरलेली नाही. गाढवं मी घेतलीत. चल, कुणी खाल्ली ते दाखवते."

लेनी गोठ्यापाशीच उभा होता. "ताई, आज उशीर केलास. केव्हापासून तोंडं वर करून बसलीत बघ."

डुकरांची नाकं निळी होती. दोघींचे तर कानसुद्धा. कोपऱ्यात बेकरीच्या रिकाम्या डब्यांचा ढीग लेनीच्या टोपीपर्यंत पोचला होता. मरिसानं फोन बाहेर काढला.

"साहेबांना काय सांगू मी? डुकरं?"

"जे बघतेस ते सांग."

पहिली गाडी तोवर हमरस्त्याला लागून पार पुढे गेली होती. स्क्रँटनला तिच्यातून आणायच्या माणसांची नावं लागली होती, ती काही परत येईना. दुसरी तेवढी वळवता आली.

कार्यालयात परत आल्या तेव्हा खुर्च्या रिकाम्या होत्या. फक्त ओपल बसली होती, कोट घालून.

"आम्हाला मूर्ख समजलीस," ती म्हणाली.

"तुम्हाला नाही गं. तुम्ही यावं म्हणून..."

"आम्ही आलोच असतो. तोंडानं बोलावलं असतंस तर." ओपल दारापर्यंत गेली. मग मागे न बघता तिनं विचारलं, "वरच्या रस्त्याची घरं कुणाकडे आहेत?"

"कुणाकडेच नाहीत."

"मग माझ्याकडे."

मंगळवारी उजाडल्यापासून वेल्मा ती एकच गाडी डोंगरावर चढवत आणि उतरवत राहिली. कुणाचा वॉकर घडी करून आत घे, कुणाच्या ऑक्सिजनच्या नळीवर कुणी बसत नाही ना बघ. प्रत्येक थांब्यावर तिचा हात सवयीनं आधी दार उघडायच्या दांड्याकडे जायचा, आणि तिथे दांडा नसायचा. मतदान संपलं तेव्हा गाडी न पोचलेल्या वरच्या घरांमधून काही दिवे अजून खाली बघत होते.

जिल्हा हत्तीनं घेतला. फार फरकानं नाही. स्क्रँटनला गेलेल्या त्या गाडीतून दिवसभरात खाली येऊ शकली असती, तेवढीच माणसं कमी पडली. राज्याची मोजणी अजून चालूच होती.

बुधवारी सकाळी वेल्मा बेकरीत गेली. टीव्हीवाल्यांच्या गाड्या निघून गेल्या होत्या. ऑगी ओल्या फडक्यानं फळा पुसत होता.

"लेनी मला पहिल्याच आठवड्यात बोलला होता," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मला वाटलं, विकली जातायत तर विकू द्यावीत."

वेल्मानं त्याच्या मागच्या ताटांकडे पाहिलं.

"उरलीत थोडी. डुकरांसाठी बांधू?"

"नको. एक दे. खायला."

"तुला साखर चालत नाही ना?"

"एक दे म्हटलं ना."

त्यानं कागदावर एक गाढव ठेवून पुढे सरकवलं. वेल्मानं त्याचा एक कान मोडला, तोंडात टाकला, आणि उभ्याउभ्या सावकाश चावला. एवढी गाढवं नेली, पण चव आज पहिल्यांदा घेतली. मग उरलेलं कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवलं.

"बरी करतोस," ती म्हणाली. "जरा कोरडी होतात."

"आजोबांची पण व्हायची," ऑगी म्हणाला, आणि फळा पुसत राहिला. तो केव्हाच कोरा झाला होता.