दादांची स्क्रीन

दुसरा माणूस नुकताच उठून गेलेल्या, अजून कोमट असलेल्या खुर्चीवर बसून तुम्ही कधी कामाला सुरुवात केली आहे का? माझ्यासमोरच्या खुर्चीवर हे रोज व्हायचं. दुपारी शिफ्ट बदलली की एक माणूस उठायचा आणि त्याच खुर्चीवर एक बाई बसायची. ती दोघं नवरा-बायको होती.

मी बोलतोय तो एका पार्सल कंपनीच्या गोदामातला कॉम्प्युटर. नाव म्हणाल तर माझ्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीवर एक नंबर आहे, तेवढंच. कंपनीतले आम्ही सगळे कॉम्प्युटर वायरींनी एकमेकांशी जोडलेले आहोत, आणि कुणी कसं वागायचं ते मुख्य ऑफिसातला एक मोठा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला उलट उत्तर द्यायची आमच्यात पद्धत नाही.

खोक्यातून बाहेर काढून मला या टेबलावर मांडलं ते डॉक्टरनं. तो काही खरा डॉक्टर नव्हे, आमची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ. कुठलाही कॉम्प्युटर अडला की तो आधी त्याच्या पाठीला हात लावून ताप बघायचा, म्हणून गोदामातल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं.

त्यानं माझ्यात दोन खाती उघडली. एक सकाळच्या शिफ्टच्या दादांचं आणि एक दुपारच्या शिफ्टच्या वहिनींचं. खातं म्हणजे घरातली आपापली खोली समजा. नाव आणि पासवर्ड टाकला की खोली उघडते आणि आपण मांडलेलं सामान जिथल्या तिथे दिसतं. एकाची खोली दुसऱ्याला दिसत नाही. पोटात दोन खोल्या सांभाळायच्या आणि इकडचं तिकडे बोलायचं नाही, हे माझं काम.

वहिनींची स्क्रीन म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावरचा ओटा. पावत्या, गाड्यांचे तक्ते, भाचीच्या शाळेचा अर्ज, सगळं एकावर एक पसरलेलं. पण नेमकं काय कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सापडायचं.

दादांची स्क्रीन वेगळी होती. तिच्यावर एक फोटो होता. गच्चीवर उभ्या राहून वहिनी चादर पिळताहेत. केस सुटलेत, एक बाही कोपरापर्यंत भिजली आहे आणि त्या समोर बघून अगदी तोंड भरून हसताहेत. चादरीचं दुसरं टोक फोटोच्या खालच्या कडेपाशी येऊन संपतं, कारण ते टोक दादांच्या हातात होतं. एका हातात चादर आणि एका हातात फोन.

कामाचे सगळे आयकॉन, म्हणजे छोटी चित्रं, दादांनी चारी कडांना सरकवून ठेवले होते. वहिनींच्या अंगावर एकही येऊ दिला नव्हता. कडेला जागा पुरेना तेव्हा त्यांनी दोन आयकॉन काढूनच टाकले आणि ती कामं लांबच्या रस्त्यानं करायला लागले.

हे वहिनींना माहीत नव्हतं. त्या यायच्या तेव्हा दादांनी आपली खोली बंद केलेली असायची. दोघांची भेट व्हायची ती खुर्चीपाशी, उभ्याउभ्या.

"तीन नंबरच्या गाडीचे कागद राहिलेत," दादा म्हणायचे. "आणि ते काचेचं पार्सल तळाला टाकू देऊ नकोस."

"नाही देत. दूध तापवून ठेवलंय, परत तापवू नका. मागच्यासारखं पातेलं जाळाल."

"बरं."

"नुसतं बरं काय? ऐकलंत का?"

"बरं म्हणजे ऐकलं."

वजनकाट्यावरचा माणूस तिकडून ओरडायचा, "काय वहिनी, सगळा संसार एकाच कीबोर्डवर?"

"हो ना! एकदा दोघांना काट्यावर चढवा. कोण जड जातंय ते कळेल तरी."

"मला नका मध्ये घेऊ बाबा," असं म्हणून तो हसायचा. दादा मात्र डबा उचलून गेलेले असायचे. मग वहिनी खुर्ची पुढे ओढत म्हणायच्या, "आमच्या ह्यांच्या तोंडात दात तेवढे आहेत, शब्द नाहीत. इतक्या वर्षांत मी कशी दिसते हे एकदा बोलले असतील तर शपथ."

अशा वेळी मी पंखा जोरात फिरवायचो. त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं.

मग एका सकाळी पहिल्या शिफ्टला कुणी आलंच नाही. बराच वेळ मी तसाच बंद होतो. नंतर डॉक्टरनं आपल्या खात्यानं मला चालू केलं आणि लोकांच्या बोलण्यातून मला कळलं. दादा कामाला निघताना दारातच कोसळले होते. बूट घालायला वाकले, ते पुन्हा उठले नाहीत.

वहिनी काही दिवसांनी आल्या. खुर्चीवर बसल्या आणि लगेच उभ्या राहिल्या. खुर्ची गार होती. पदर नाही, रुमाल नाही, हाताच्या पाठीनंच त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा बसल्या. पासवर्ड त्यांनी तीनदा चुकवला. तुम्ही माणसं दुःखात पासवर्ड चुकवता, हे मी तेव्हा शिकलो.

तीन-चार महिने गेले. मग मुख्य ऑफिसातून नवे नियम आले. सगळ्या कॉम्प्युटरांची स्क्रीन आता एकसारखी दिसणार होती, निळी, मधोमध कंपनीचं चिन्ह आणि डावीकडे सगळे आयकॉन शाळेत प्रार्थनेला उभ्या मुलांसारखे रांगेत. शिवाय बरेच दिवस कुणी न उघडलेली खाती आपोआप पुसली जाणार होती.

वहिनींनी त्या दुपारी खातं उघडलं आणि कपाळाला हात लावला. "अहो डॉक्टर, इकडे या! माझा सगळा पसारा गेला कुठे?"

"गेला नाही वहिनी, आवरून एका फोल्डरमध्ये ठेवलाय. वरून हुकूम आहे." डॉक्टरनं ते उघडून दाखवलं. "आता असंच राहणार. आवराआवर म्हटली की तुम्हालाही राग येतो आणि दादांनाही यायचा."

"ह्यांना? राग?"

"तर काय! एकदा मी त्यांचे आयकॉन नीट रांगेत लावून दिले. चांगलं काम केलं म्हणून उभा होतो. तर म्हणाले, डॉक्टर, ही रांग तिच्या कपाळावरून गेलीय, आत्ताच्या आत्ता काढा."

"कुणाच्या कपाळावरून?"

डॉक्टर गोंधळला. "तुमच्याच. तुमचा फोटो होता ना त्यांच्या स्क्रीनवर. तुम्हाला माहीत नाही?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे असं याआधी कुणी बघितलं नव्हतं.

"आहे तो अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"खातं आहे, म्हणजे असणार. पण त्यांचा पासवर्ड बंद केलाय. नवा पासवर्ड द्यायचा तर गोदामाच्या साहेबांची परवानगी लागेल. आणि मुख्य म्हणजे ते पुसलं जाता कामा नये. थांबा, आधी तो बंदोबस्त करतो."

तो पळतच गेला. दादांचं खातं पुसायच्या खात्यांतून वगळूनच परत आला. मग दोघं साहेबांकडे गेले. डॉक्टर नंतर सांगत होता, साहेब आधी म्हणाले, नियमात बसत नाही. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "उघडा. पण कंपनीचं काही हलवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी लवकर आल्या. घरात त्यांचा असा एकही फोटो नव्हता, असं त्या वजनकाट्यावाल्याला सांगत होत्या. जे होते त्यांत त्या नेहमी मागे उभ्या, नाहीतर मान वळवलेल्या. त्यांना एकदाच बघायचं होतं, दादांना त्या कशा दिसत होत्या ते.

डॉक्टरनं दादांचं नाव टाकलं. नवा पासवर्ड टाकला. वहिनींनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

मला माहीत होतं काय होणार ते. नवा नियम प्रत्येक खात्याला ते उघडताक्षणीच लागतो. वहिनींच्या खात्याला लागला होता, तसाच याला लागणार होता. खातं बंद होतं तोवर फोटो सुरक्षित होता. आता मोठ्या कॉम्प्युटरकडून हुकूम आला, हे चित्र काढ, ते लाव. मी ऐकलं. मला दुसरं काही येतच नाही.

स्क्रीन उघडली. निळी. मधोमध कंपनीचं चिन्ह, डावीकडे रांग.

 डॉक्टरनं फोटोंचं फोल्डर उघडलं, ते रिकामं होतं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. दादांनी तो फोटो पेनड्राइव्हवरून थेट स्क्रीनवर लावला होता. त्याची माझ्याकडे एकच प्रत होती आणि तिच्याच जागी आता हे निळं चित्र बसलं होतं. पेनड्राइव्ह आणि दादांचा फोन कधीच कुणाकुणाकडे जाऊन पुसले गेले होते.

"वहिनी, चुकलंच माझं," तो म्हणाला. "उघडण्याआधी आतलं सगळं काढून घ्यायला हवं होतं. खातं पुसलं जाऊ नये, एवढंच डोक्यात धरून बसलो."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?" वहिनी म्हणाल्या. "मला फक्त दाखवा, मी कुठे होते."

त्यानं काचेवर बोट ठेवलं. "इथे चेहरा. केस असे, मोकळे. हे सगळं हसू. अंगात निळं काहीतरी होतं, आणि हातात चादर."

"निळं नव्हतं. हिरवं असेल," वहिनी म्हणाल्या. मग थांबल्या. "चादर? गच्चीवर?"

"हो. गच्चीच होती."

वहिनींनी डॉक्टरचं बोट होतं तिथे आपलं बोट ठेवलं. "मी त्यांना म्हणत होते, फोन ठेवा खाली आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी धरा. एका हातानं कुठे चादर पिळली जाते का?" त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांनी टेबलावर डोकं टेकलं. डॉक्टर बाजूला उभा होता, वजनकाट्यावरचा माणूस काटा सोडून आला होता.  बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत होता, त्यालाही कुणीतरी गप्प केलं.

आमच्या पोटात तुम्ही खूप काही ठेवता. तुमच्या स्क्रीनवर कुणाचा चेहरा असेल, तर त्या माणसाला एकदा हाक मारून दाखवा. तुमच्या वतीनं आम्हाला ते दाखवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टला एक नवी मुलगी कामावर आली, डॉक्टरनं माझ्यात तिचं खातं उघडलं आणि दादांचं पुसून टाकलं.