नवताऱ्याचा सत्कार

"आणि आता," सेक्रेटरींनी माइकवर फुंकर मारली, "ज्यांनी आपल्या इमारतीचं नाव थेट आकाशात नेलं, ते आपले चष्मेवाले स्वतःच्या हातानं हे बटण दाबतील!"

चष्मेवाल्यांना वाटले, बटण दाबले की पडदा सरकेल आणि मागे पाटी असेल. पाटीची त्यांनी मनाची तयारी केली होती. तीत चुका असतील, याचीही. त्यांनी बटण दाबले आणि गच्चीवर तिन्हीसांजेला टळटळीत दुपार झाली.

पाण्याच्या टाकीवर दोन भलेमोठे फ्लडलाइट बसवले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्यांना टाळ्या ऐकू आल्या, वाजवणारे मात्र दिसेनात.

"बंद करा," ते म्हणाले.

"भारावलेत," चेअरमनसाहेबांनी माइकवरून सर्वांना समजावले.

चष्म्यांचे दुकान मुलीच्या हवाली केल्यापासून हा गृहस्थ रोज जेवण झाले की दुर्बीण घेऊन गच्चीवर जाई. दोनेक महिन्यांपूर्वी हंस तारकासमूहात, नकाशाप्रमाणे जिथे काहीच नसायला हवे होते, तिथे त्यांना एक तारा दिसला. त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला, चष्मा पुसला, मग स्वतःवर संशय घेऊन झाला. शेवटी आकाशनिरीक्षकांच्या केंद्राला कळवले. मोठ्या वेधशाळांनी दुर्बिणी वळवल्या आणि शिक्कामोर्तब केले: नवतारा.

नवतारा म्हणजे तारा नवा नव्हे. जुनाच, खंगलेला, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून ओढून एके दिवशी भडकलेला.

"शेजाऱ्याचं ओरबाडायचं आणि वर आपणच भडकायचं," त्यांची बायको, म्हणजे इमारतीच्या काकू, तेव्हा भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "म्हणजे आपले चेअरमनच की!"

पण तारा सापडणे हे एका रात्रीचे काम. खरा संसार पुढचा. रोज शेजारच्या ठरावीक ताऱ्यांशी ताडून तो किती मंदावला, हे कळवत राहायचे. गेल्या आठवड्यात तारा एकदम बुडाला, स्वतःच उधळलेल्या धुळीआड गेला. ती धूळ विरली की असा तारा पुन्हा वर येतो. पण कधी, हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हापासून चष्मेवाले रोज गच्चीवर, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसावे तसे बसत होते. आणि आज तिथे उजेड पाडला होता.

पाहुणे पांगताच त्यांनी दोघा पदाधिकाऱ्यांना टाकीखाली गाठले.

"साहेब, दिवे काढा."

"अहो, तुमच्यासाठीच तर बसवलेत!" चेअरमन म्हणाले. "या सेक्रेटरींनी स्वतः पाहिलंय. बॅटरीला लाल कागद लावून अंधारात चाचपडता तुम्ही. आम्हाला लाज वाटली हो."

"कागद मीच लावतो! पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात. अंधार असला तरच तारे दिसतात, साहेब."

चेअरमनसाहेबांनी यावर खरोखर विचार केला. "पण आता दुर्बीण किती स्वच्छ दिसेल तुम्हाला!"

"मला दुर्बीण बघायची नाहीये! निदान बटण तरी दाबा."

"बटण उद्घाटनापुरतं होतं," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले. "आता ऑटोमॅटिक. सूर्य मावळला की लागणार, उगवला की विझणार. आणि ठराव एकमतानं झालाय. रद्द करायचा तर सर्वसाधारण सभा लागेल. ती वर्षअखेरीला."

"तोवर तारा थांबेल?"

"तारा तो," चेअरमन हसले. "जाणार कुठे?"

चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हाच जातो! याचं आयुष्यच जाण्यात चाललंय! इतकी वर्षं गच्चीची किल्ली मागायला आलो की मला वेडा म्हणालात. खिडक्यांत डोकावतो म्हणून पोलिसांत तक्रार केलीत. केलीत ना? त्या तक्रारीनं माझं काहीएक बिघडलं नाही, मी बघतच होतो. तुमच्या कौतुकानं मला आंधळं केलं!"

चेअरमन हळूच बाजूला उभ्या असलेल्या काकूंकडे वळले. "वहिनी, यांना बीपी आहे का?"

"आजपासून आहे," काकू म्हणाल्या.

जेवणाच्या ताटावरून चष्मेवाले तसेच उठले आणि वर गेले. आकाश निरभ्र होते, पण डोळ्यांत दिव्यांचे पांढरे डाग नाचत होते. नुसते 'तारा दिसला नाही' असे कळवून भागत नाही. त्याच्या आसपासचा अगदी मंदात मंद कोणता तारा दिसला, तेही सांगावे लागते. नाहीतर त्या न दिसण्याला किंमत नसते. त्यांना आज एकही दिसेना. अप्रामाणिकपणा त्यांनी कधी केला नव्हता, आणि प्रामाणिकपणे कळवण्यासारखे काही उरले नव्हते. ते खुर्चीत बसून राहिले.

जिन्यावर सपाता वाजल्या. काकू वर आल्या. काखेत मोठी काळी छत्री होती. त्यांनी ती उघडली आणि टाकीच्या बाजूने नवऱ्याच्या डोक्यावर तिरकी धरली. खुर्चीवर सावली पडली.

समोरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, "काकू, पाऊस आहे का हो?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "सत्कार आहे."

चष्मेवाल्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. काकूंचा हात भरून आला, त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"दिसतोय?"

"शेजारचा दिसायला लागलाय. पुसट."

"आणि आपला?"

"अजून नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी छत्री जराशी वर उचलून धरली.