तिन्ही आकडे जुळले

कंपनी एक आणि तिची किंमत काढायच्या पद्धती तीन. तिन्ही उत्तरं सहा रुपयांच्या फरकात आली. एकवीसशे अठ्ठ्याहत्तर, एकवीसशे एक्क्याऐंशी, एकवीसशे चौऱ्याऐंशी. माझं डोकंच सटकलं. अहो, बारा वर्षं हेच काम करतेय मी! एवढ्या अवाढव्य टेक कंपनीच्या शेअरला तीन मॉडेलं लावलीत, तर तीन सख्ख्या जावांसारखी तीन तोंडं तीन दिशांना व्हायला हवीत. इथे तिघी गळ्यात गळे घालून बसलेल्या. कुठेतरी पाणी मुरत होतं.

फाईल संयुक्ताची. तंजावरकडच्या मराठी घरातली पोरगी, रोज चेन्नईच्या आवडी उपनगरातून लोकलने तारामणीला, आमच्या ऑफिसला येते. माझ्याशी जपून, शब्द शोधत मराठी बोलते आणि मला अक्का म्हणते. प्रोबेशन शुक्रवारी संपणार होतं. वडील रिटायर झालेत आणि घर आता हिच्या पगारावर चालतं, हे मला ठाऊक होतं. तरीही मी फाईल उघडली ती चोर पकडायलाच.

पहिलं मॉडेल, कंपनी पुढे किती रोकड कमावेल त्याची आजची किंमत. त्यात कंपनी कायम किती वेगाने वाढेल तो दर धरावा लागतो. माणूस साडेचार धरतो, पाच धरतो. इथे होता ५.८३७१ टक्के! असला आकडा माणसाच्या डोक्यातून निघतच नाही. आधी उत्तर ठरवायचं आणि एक्सेलला म्हणायचं, आता शोध बाई दर. तेव्हाच असलं शेपूट येतं.

"सापडलीस!" मी मोठ्याने म्हणाले. तिला एक शब्द न विचारता आमच्या प्रमुखांना, उपेंद्र सरांना मेल टाकली. मुलगी आकडे बनवते, कायम करू नये. मग तिला बोलावलं.

"हा दर कुठून आणलास गं?"

"तुमच्या शीटमधून, अक्का."

"माझ्या?"

"मागच्या वर्षीची. सरांनी दिली. मी फक्त नवे आकडे भरले, दराला हात नाही लावला."

"आणि बाकीची दोन मॉडेलं? ती तर तू नवीन केलीस ना?"

डोळे भरून आले तिचे. "दुसऱ्या कंपन्यांशी तुलना केली तर पंधराशे चाळीस आले. धंद्याचे तुकडे पाडून बेरीज केली तर सोळाशे दहा. तुमचं चुकणार कसं? म्हटलं, माझंच चुकलं. मग तुमच्या आकड्याला येईपर्यंत बदलत गेले."

मी मागच्या वर्षीची फाईल उघडली. ५.८३७१. खाली तयार करणारीचं नाव, हेमलता. म्हणजे मीच. आठवलं सगळं. उपेंद्र सर खुर्चीमागे उभे होते, मोठ्या गिऱ्हाईकाकडे हा शेअर ढिगाने पडून आहे, किंमत अमुक एवढी दिसायलाच हवी म्हणाले होते. घरी जायची घाई होती. मी एक्सेलला उलटा दर शोधायला लावलं आणि त्याला 'समायोजन' असं गोंडस नाव दिलं. वर्षभर त्यावर लोकांनी शेअर घेतले असतील. शरमेने कान तापले माझे. खरे आकडे काढले होते ते या पोरीने, आणि ते खोडले माझ्यावरच्या विश्वासापायी.

तेवढ्यात सरांचा फोन आला.

"मेल वाचली. शाब्बास. शुक्रवारी तिला नारळ देऊ."

"सर, तो दर तिचा नाही. माझा आहे. मागच्या वर्षीचा."

ते जराही दचकले नाहीत. तिथेच मला कळून चुकलं की तिला ती शीट का दिली होती.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पण तुझ्या मेलमध्ये नाव तिचं आहे. आता कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे. तू कशाला जीव जाळतेस?"

फोन ठेवला. काचेपलीकडे संयुक्ता डोळे पुसून पुन्हा कामाला बसली होती. चुकलेलं नसताना चूक शोधत होती.

मी नवी मेल उघडली. वर कंपनीच्या मुंबईतल्या तपासणी विभागाचा पत्ता घातला. पंधराशे चाळीस आणि सोळाशे दहा हे संयुक्ताचे आकडे बरोबर आहेत, असं लिहिलं. ५.८३७१ मी बनवला, कुणाच्या सांगण्यावरून तेही लिहिलं. नोकरी जाणार, हे उघड होतं. तरी मेल पाठवली.